३ टेस्लावर कानाच्या एमआरआयमध्ये काळे पट्टे येतात? इंजिनिअरला फोन करायच्या आधी हे बघा

जळगावला एमआरआयवर काम करतोय, अकरावं वर्ष चालू आहे. पहिली काही वर्षं १.५ टेस्लावर (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) गेली, मग ३ टेस्ला आलं, आणि तेव्हापासून ही एकच तक्रार इतक्या वेळा हाताखालून गेलीय की धुळ्याहून, नंदुरबारहून, भुसावळहून कुणाचा फोन आला की मी आधी विचारतो, "कानाचा सिस आहे ना?" आणि समोरून हो येतं. आतल्या कानाचा बारीक कटचा थ्रीडी टी-टू घेतला की काळे पट्टे, नाहीतर सगळं ओल्या हाताने पुसल्यासारखं. दरवेळी फोनवर अर्धवट सांगितलं जातं म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

कुठल्या सिक्वेन्सबद्दल, म्हणजे फोटो घ्यायच्या कुठल्या पद्धतीबद्दल, बोलतोय ते आधी. कुणाकडे त्याला सिस म्हणतात, कुणाकडे फिएस्टा-सी, कुणाकडे बॅलन्स्ड एफएफई, मशीनच्या कंपनीप्रमाणे नाव बदलतं पण जात एकच, पाणी पांढरंशुभ्र आणि त्यात नसा काळ्या दोऱ्यांसारख्या.

लक्षणं काय दिसतात

सगळ्यात जास्त दिसतं ते म्हणजे बारीक, कमानीसारखे वाकलेले काळे पट्टे, कानामागच्या हाडाजवळ, आणि ते हाड, पाणी, मेंदू असं काही न बघता सरळ आरपार जातात. दुसरं, आतल्या कानातल्या, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेचा (टेक्निशियन लोक नुसतं कॅनॉल म्हणतात) एक तुकडाच गायब, म्हणजे पूर्ण गोल दिसायला पाहिजे तिथे अर्धी बांगडी. तिसरं, कॉक्लियाचे, म्हणजे आतल्या कानातल्या शंखाचे, वेढे वेगवेगळे न दिसता एक पांढरा गोळा. चौथं, सगळ्या फोटोभर रवाळ दाणे. पाचवं, एका बाजूला रुंद सावली, पट्टा नाही, सावलीच. आणि सहावं, फोटोच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेघ, ठिपक्याठिपक्यांची, बॅगेच्या चेनसारखी.

ही सहाही एका आजाराची नाहीत हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण लोक "फोटो खराब येतोय" एवढंच सांगतात आणि मग कारण शोधायला दोन दिवस जातात. वाकडा पट्टा म्हणजे चुंबकीय क्षेत्राची गडबड. तुटलेला कॅनॉल म्हणजे तसाच पट्टा किंवा खरा आजार, ते पाचव्या तपासणीत. गोळा झालेली कॉक्लिया म्हणजे बहुतेक वेळा हालचाल. दाणे म्हणजे सिग्नल कमी. एका बाजूची सावली म्हणजे कॉइलवर, म्हणजे डोक्याभोवती बसवतो त्या सिग्नल पकडणाऱ्या साच्यावर, संशय. सरळ ठिपक्यांची रेघ म्हणजे खोलीत बाहेरून रेडिओ लहरी शिरतायत.

एवढं जिवाला का लावून घ्यायचं

तीनेक वर्षांपूर्वी रावेरकडून एक कुटुंब आलं होतं, केळीच्या बागेत काम करणारं, सोबत तीन वर्षांची मुलगी, जन्मापासून ऐकू येत नाही म्हणून कॉक्लियर इम्प्लांटसाठी पाठवलेली. इम्प्लांटच्या आधी एमआरआय का करतात तर ऐकण्याची नस आहे का आणि किती जाड आहे ते बघायला, कारण इम्प्लांट कितीही चांगलं बसवलं तरी आतला करंट मेंदूपर्यंत त्या नसेवाटेच जाणार. त्या मुलीच्या डाव्या बाजूला नस दिसेना. भूल दिलेली होती, डॉक्टर घड्याळ बघत होते, आणि स्क्रीनवर एक बारीक काळी कमान बरोबर त्या बोगद्यावरून गेलेली. मी तसाच फोटो पाठवला असता तर रिपोर्टमध्ये "नस दिसत नाही" असं येऊ शकलं असतं. पाच मिनिटं मागून घेतली, शिम, म्हणजे चुंबकीय क्षेत्र सारखं करणं, नव्याने केलं, फोटो परत घेतला, आणि नस होती. बारीक होती पण होती. बाहेर बाकावर तिची आजी बसली होती, तिला यातलं काहीच कळलं नाही, आणि मी पण सांगितलं नाही. त्या दिवसापासून कानाचा पट्टा दिसला की मी पुढे जात नाही.

मापं बघा म्हणजे कळेल. आयएसी, म्हणजे नसा जातात तो हाडातला बोगदा, जेमतेम सेंटीमीटरभर लांब. त्यातून चार नसा जातात, आडव्या छेदात पुढे-वर चेहऱ्याची, पुढे-खाली ऐकण्याची, आणि मागे वर-खाली तोल सांभाळणाऱ्या दोन. ऐकण्याची नस साधारण मिलीमीटरभर. कॉक्लियाचे वेढे अडीच. म्हणजे अर्धा मिलीमीटर किंवा त्याहून बारीक कट घेतल्याशिवाय काही दिसतच नाही, आणि तिथे दोन मिलीमीटरचा काळा पट्टा आला तर अख्खी नस गिळतो.

पहिली तपासणी, फुकटातली: अंगावर काय आहे

हसू नका, निम्म्याहून जास्त वेळा इथेच मिटतं. "सगळं काढलं का?" असं विचारलं की पेशंट हो म्हणतात, आणि खोटं बोलत नाहीत, जे चाळीस वर्षं अंगावर आहे ते त्यांना दागिना वाटतच नाही. म्हणून मी विचारत नाही, एकेक नाव घेतो. कानातले टॉप्स, नाकातली फुली, मंगळसूत्र, गळ्यातला ताईत, दंडाचा ताईत, करदोडा, जोडवी, वेणीतल्या पिना, अंबाड्याची जाळी, कवळी, दातावरची कॅप.

टॉप्सचं खास सांगतो. सोनं असेल तर लोक म्हणतात सोन्याला काय होतंय. सोनं लोहचुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण मागची फिरकी पुष्कळदा सोन्याची नसतेच, आतली तार किंवा मळसूत्र दुसऱ्या धातूचं असतं. आणि ते बसलंय कुठे, तर ज्या कानाचा फोटो घ्यायचाय त्याच्या दोन बोटांवर. एकदा चोपड्याच्या एका मावशींची फिरकी निघेचना, तेल लावलं, साबण लावला, शेवटी शेजारच्या सोनाराला बोलावलं, त्याने बारीक चिमट्याने दोन मिनिटांत काढून दिली. खर्च एक चहा. आणि पट्टा गेला.

का महत्त्वाचं ते समजून घ्या. या सिक्वेन्समध्ये क्षेत्र जिथे थोडंसं सरकतं तिथे सिग्नल एकदम शून्यावर येतो, त्यालाच आपण पट्टा म्हणतो. ३ टेस्लावर पाण्याची फ्रिक्वेन्सी १२८ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे क्षेत्रात दहा लाखात एक भाग इतका फरक पडला तरी १२८ हर्ट्झ सरकले. टीआर (लहरीच्या एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंतचा वेळ) ६ मिलिसेकंद असेल तर एका पट्ट्यापासून दुसऱ्या पट्ट्याचं अंतर १६७ हर्ट्झ, आणि मधल्या चांगल्या भागाची कड दोन्हीकडे ८० च्या थोडं पुढे. करा हिशोब. दहा लाखातला एक भाग सुद्धा जास्त झाला. आणि कानामागचं हाड तर हवेच्या पोकळ्यांनी भरलेलं, हवा आणि पाणी यांच्यातच दहा लाखात नऊ भागांच्या आसपास फरक, म्हणजे देवानेच तिथे अडचण करून ठेवलीय, वरून आपण फिरकी कशाला ठेवायची.

१.५ टेस्लावर हाच फरक निम्मा असायचा म्हणून तेव्हा हे इतकं जाणवत नव्हतं. "साहेब, जुन्या मशीनवर बरं यायचं" असं कुणी म्हणालं तर तो चुकीचं बोलत नाही.

इथे एक थांबा आहे, आणि तो पट्ट्यापेक्षा मोठा. कानात आधीच इम्प्लांट बसवलेलं असेल तर त्याच्या आत लोहचुंबक असतो. कार्डवरचं मॉडेल बघून, रेडिओलॉजिस्ट आणि इम्प्लांटवाल्या सर्जनशी बोलून, ते मॉडेल ३ टेस्लाला चालतं का आणि कुठल्या अटीवर चालतं हे लेखी मिळाल्याशिवाय पेशंट आत न्यायचा नाही. कानातल्या रिकिबी हाडाचं, स्टेप्सचं, जुनं ऑपरेशन झालेलं असेल तरी तेच. "नातेवाईक म्हणाले काही होत नाही" हे चालणार नाही. श्रवणयंत्र तर बाहेरच काढायचं.

दुसरी: पेशंट हलतोय, आणि तुम्ही सांगितलेलं त्याला ऐकूच येत नाहीये

हे इतकं सरळ आहे की नजरेतून सुटतं. कानाचा एमआरआय कुणाचा होतो? ज्याला ऐकू येत नाही त्याचा. आपण श्रवणयंत्र काढून घेतलं, वरून आवाजापासून वाचवायला कानात प्लग घातले, आणि मग स्पीकरवरून सांगतोय "हलू नका". त्याला काय कळणार. आत एवढा मोठा ठोकल्यासारखा आवाज, टेबल थरथरतं, घाबरून मान वळते.

म्हणून आत न्यायच्या आधीच, श्रवणयंत्र कानात असताना, समोर बसवून सगळं सांगायचं. मी हाताच्या खुणा ठरवतो. पायाला एकदा दाबलं तर सुरू होतंय, दोनदा दाबलं तर संपलं. तपासणी करून एक नातेवाईक आत उभा ठेवतो, त्याच्या पण खिशातलं, कमरेचं सगळं काढून. म्हाताऱ्या बाया असतील तर अहिराणीत बोललेलं फार कामी येतं, "माय, आवाज मोठा शे, पन भ्याऊ नको, डोकं हालाडू नको", एवढ्यावर खांदे सैल सुटतात, मी डोळ्यांनी बघितलंय. आणि तोंडात तंबाखूची गोळी असेल तर ती आधी थुंकायला लावा, नाहीतर दर मिनिटाला गिळणं, आणि गिळलं की डोकं हलतं.

स्पंज दोन्ही बाजूंनी घट्ट, पण दुखेल इतके नाही, दुखलं की पाचव्या मिनिटाला हलणारच. गुडघ्याखाली उशी द्या, कंबर मोकळी झाली की मान स्थिर राहते.

सिसला हालचाल दुप्पट महाग पडते, कारण तो आतून दोन फोटो घेतो, एकात पट्टे इथे, दुसऱ्यात पट्टे तिथे, आणि दोन्हींतलं जे उजळ ते घेऊन पट्टे पुसतो. आता पहिल्या आणि दुसऱ्या फोटोच्या मध्ये डोकं अर्धा मिलीमीटर सरकलं तर पट्टे तर नीट पुसले जात नाहीतच, वरून नसेच्या दोन दोन प्रती. म्हणजे पट्टा दिसतोय म्हणून तुम्ही चुंबकाला दोष देताय आणि खरं कारण मान. ओळखायचं कसं? हालचाल असेल तर कडा सगळीकडेच धूसर दिसतात, डोळ्याच्या बुबुळाची कड सुद्धा. चुंबकाचा पट्टा असेल तर पट्ट्याच्या शेजारचं सगळं कातरून ठेवल्यासारखं स्पष्ट.

लहान मूल असेल आणि भुलीशिवाय होत नसेल तर भूलतज्ज्ञ लागतो. झोपेचं औषध पाजून "होऊन जाईल" म्हणणं हे काम टेक्निशियनचं नाही.

तिसरी: क्रम बदला

ही युक्ती मला उन्हाळ्यानेच शिकवली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, आणि दुपारी अडीच-तीनच्या पेशंटलाच पट्टे जास्त, सकाळच्याला कमी. कितीतरी दिवस मला वाटायचं योगायोग आहे. मग लक्षात आलं की मेंदू आणि कान दोन्ही असला की आमच्याकडे डिफ्यूजन, मेंदूचा एक वेगळा सिक्वेन्स, आधी व्हायचं आणि कान सगळ्यात शेवटी. डिफ्यूजनमध्ये ग्रेडियंट, म्हणजे मशीनमधल्या क्षेत्र बदलणाऱ्या तारांची वेटोळी, जोरात चालतात, गरम होतात, त्यांच्याजवळ क्षेत्र सारखं करायला बसवलेल्या लोखंडाच्या पट्ट्या असतात त्यांनाही ती ऊब लागते, आणि गरम लोखंडाचं चुंबकत्व किंचित बदलतं, म्हणून फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकत राहते. सुरुवातीला जुळवलेलं शेवटच्या सिक्वेन्सपर्यंत जुळलेलं राहत नाही.

उपाय, लोकलायझरनंतर, म्हणजे जागा ठरवायच्या पहिल्या फोटोंनंतर, लगेच कान घ्या, मेंदू नंतर. पैसा नाही, वेळ नाही, फक्त प्रोटोकॉलमध्ये ओळ वर सरकवायची. पेशंटही सुरुवातीला जास्त शांत असतो, हा वेगळा फायदा.

चौथी: शिमची पेटी

आता मशीनच्या स्क्रीनवर. बऱ्याच ठिकाणी शिमची पेटी, म्हणजे क्षेत्र कुठल्या भागात सारखं करायचं ती चौकट, आपोआप अख्ख्या फोटोवर पडते, त्यात डोक्याबाहेरची हवा येते, खाली मान आणि जबडा येतो, आणि मशीन बिचारं सगळ्यांना खूश करायला जातं आणि कानालाच उपाशी ठेवतं. पेटी हाताने लहान करा. डाव्या कानाच्या हाडापासून उजव्यापर्यंत, पुढेमागे आणि वरखाली जेवढं लागतं तेवढंच, हवा शक्यतो बाहेर. मग शिम परत, फ्रिक्वेन्सी परत. मिनिटभराचं काम. आधीच्या सिक्वेन्सचं जुळवलेलं तसंच पुढे ओढायचं सेटिंग चालू असेल तर या सिक्वेन्सपुरतं बंद करा.

फ्रिक्वेन्सीचा आलेख उघडून बघा, बटण दाबून मोकळे होऊ नका. पाण्याचं शिखर आणि चरबीचं शिखर यांच्यात ३ टेस्लावर ४४० हर्ट्झच्या आसपास अंतर असतं. मशीनने कधी कधी चरबीलाच पाणी समजून मध्य तिथे धरलेला असतो, जाड मान असेल तर विशेष. आणि पाण्याचं शिखर उंच-बारीक न दिसता पसरट, दोन टोकांचं दिसत असेल तर शिम बसलेलं नाही, पुढे जाऊ नका.

लोक विचारतात, मग याहून मोठं मशीन आलं तर? ७ टेस्लावर फ्रिक्वेन्सी ३०० मेगाहर्ट्झच्या जवळ जाते, हवेची ही अडचण दुपटीहून जास्त होते. फ्रान्समध्ये सॅक्लेला ११.७ टेस्लाचं मशीन आहे, १३२ टन वजनाचं, त्याचे माणसाच्या मेंदूचे फोटो २०२४ मध्ये बाहेर आले, चार मिनिटांत ०.२ मिलीमीटरपर्यंत बारीक, बघून अंगावर काटा येतो. पण त्यांनाही क्षेत्र आणि लहरी सारख्या पसरवायला वेगळी मेहनत घ्यावीच लागली. चुंबक मोठा झाला की शिमचं काम कमी होत नाही, वाढतं.

पाचवी, माझी सगळ्यात लाडकी: पट्टा सरकवून बघा

पट्टा खरा की खोटा, म्हणजे आजार की आर्टिफॅक्ट, हे ठरवायला यापेक्षा सोपी परीक्षा मला माहीत नाही. बाकी काहीही न बदलता फ्रिक्वेन्सी पन्नास ते ऐंशी हर्ट्झने पुढे किंवा मागे करा आणि तोच सिक्वेन्स परत घ्या, वेळ नसेल तर कमी स्लाइसचा. पट्टा जागचा हलला तर तो चुंबकाचा. कॅनॉलमधली तुटलेली जागा तिथेच राहिली तर ती खरी असू शकते, कारण आतल्या कानात गाठी किंवा हाड भरलं तर तिथलं पाणी असंच दिसेनासं होतं, आणि ते सर्जनला कळणं फार गरजेचं.

पारोळ्याच्या एका मास्तरांचं असंच होतं, चक्कर येत होती म्हणून आलेले. उजव्या कॅनॉलला खाच. चार वेळा सगळं करून झालं, मी पट्टा पट्टा म्हणत बसलो होतो, मग फ्रिक्वेन्सी सरकवली आणि खाच हललीच नाही. दोन्ही फोटो शेजारी लावून रेडिओलॉजिस्ट मॅडमना पाठवले. त्यांनी सीटी सांगितला, तिथे हाड निघालं. म्हणजे ही परीक्षा दोन्हीकडून कापते, म्हणूनच करायची.

सहावी: टीआर, आणि दुसऱ्या जातीचा सिक्वेन्स

टीआर जितका कमी तितके पट्टे एकमेकांपासून लांब. बँडविड्थ (सिग्नल वाचायचा वेग) वाढवली की टीआर खाली येतो, पण सिग्नल पण थोडा जातो, हे लक्षात ठेवून बेताने. पेशंटचं वजन अंदाजे टाकू नका, काटा ठेवा. एसएआरचा, म्हणजे शरीरात मुरणाऱ्या ऊर्जेचा, हिशोब त्यावर चालतो, आणि मर्यादा आली की काही मशीन गुपचूप टीआर वाढवून देतात, तुम्ही हो म्हणून टाकता, आणि पट्टे जवळ येतात. कुठला आकडा बदलला हे वाचल्याशिवाय त्या खिडकीतलं ओके दाबू नका.

दाण्यांची तक्रार असेल तर तिचंही इथेच उत्तर आहे. कट १ मिलीमीटरचा अर्धा केला, तिन्ही बाजूंनी, तर सिग्नल आठव्या हिश्श्यावर येतो, आणि तो तसाच परत मिळवायचा तर ६४ पट वेळ. कुणी सांगितलं म्हणून ०.३ करत सुटू नका. आमच्याकडे ०.५ ला जे स्वच्छ दिसतं ते ०.३ ला दाण्यात हरवतं.

एवढं करूनही पट्टा जात नसेल तर थ्रीडी टर्बो स्पिन एको घ्या, कंपनीप्रमाणे स्पेस, क्यूब, व्हिस्टा, जे नाव असेल ते. त्यात ही पट्ट्यांची भानगडच नाही. मात्र त्यात मेंदूभोवतीचं वाहतं पाणी कधी काळपट ढगासारखं दिसतं, ते गाठ समजू नका. आम्ही इम्प्लांटच्या मुलांना आता दोन्ही घेतो, एकात शंका आली तर दुसऱ्यात बघायला.

सातवी: फॅन्टम, म्हणजे भांडण मिटवणारा साक्षीदार

आत्तापर्यंत सगळं पेशंटभोवती होतं. आता मशीनवर संशय घ्यायचा तर पेशंटऐवजी फॅन्टम, म्हणजे तपासणीसाठीची पाणी भरलेली बाटली, ठेवा, तोच सिक्वेन्स, तीच कॉइल. आतलं पाणी शांत व्हायला आठ-दहा मिनिटं द्या. मशीन चांगलं असतानाचा फॅन्टमचा फोटो जपून ठेवलेला असेल तर सोनं, नसेल तर आजच एक काढून ठेवा. कडेला थोडे पट्टे फॅन्टमलाही येतात, तो आजार नाही, जुन्या फोटोशी तुलना करा.

एका बाजूची सावली फॅन्टममध्येही आली तर कॉइल. कॉइलचं एकेक एलिमेंट तपासायचा प्रोग्रॅम मशीनमध्ये असतो, तो चालवा. त्याआधी कनेक्टर काढून बघा, आपल्याकडे जिनिंगच्या दिवसांत हवेत सरकीची कूस इतकी असते की कुठेही जाऊन बसते. सॉकेटच्या तोंडावरची धूळ कोरड्या मऊ कापडाने टिपायची, पिनांना हात नाही, पाणी नाही, स्प्रे नाही. पिन वाकलेली दिसली तर तिथेच थांबा.

आणि प्रत्येक पेशंटला पट्टा त्याच बाजूला, त्याच जागी येत असेल तर मशीनच्या आत काहीतरी पडलंय असं समजा. वेणीची पिन, नाणं, स्टेपलरची पिन. आमच्याकडे आठ दिवस उजवीकडेच पट्टा. सगळं केलं, फॅन्टमला पण आला, इंजिनिअरला बोलवायच्या तयारीत होतो. मग सफाईवाल्या ताई म्हणाल्या, साहेब, स्पंजाचे कव्हर नवीन शिवून आणलेत ना मागच्या आठवड्यात. बघतो तर शिंप्याने बिचाऱ्याने मन लावून शिवलेलं, आणि टिकावी म्हणून धातूची चेन लावलेली. एवढीशी, वीतभर चेन. उजव्या कानाच्या बरोबर खाली. कव्हर बदललं, वेलक्रो लावलं, पट्टा गेला. तेव्हापासून खोलीत येणारी प्रत्येक चादर, प्रत्येक उशी आधी बाहेर हातातल्या लोहचुंबकाने तपासतो. मशीनच्या बोगद्यात बघायला साधा टॉर्च किंवा मोबाइल नेऊ नका, एमआर-सेफ दिवाच.

आठवी: खोली

सरळ ठिपक्यांच्या रेघेसाठी. दार पूर्ण लागलंय का. दाराच्या कडेला पितळी पट्ट्यांची जी झालर असते ती वाकली किंवा मळली की बाहेरच्या लहरी आत येतात. आतले दिवे बंद करून एक फोटो घ्या, एलईडी बदललेला असेल तर बहुतेक तोच. भिंतीतल्या नळीतून कुणी वायर आत घेतलीय का बघा. झालर स्वतः ठोकून सरळ करू नका, ते इंजिनिअरचं.

चिलर (मशीन थंड ठेवणारं यंत्र) आणि टेक्निकल रूमचा एसी हे रोज दोन वेळा वहीत लिहा, तापमान, दाब, हेलियमची पातळी. लोडशेडिंगनंतर चिलर परत सुरू झालाय का हे जाऊन, कान लावून बघा. कोल्डहेडचा, म्हणजे चुंबकातलं हेलियम थंड ठेवणाऱ्या भागाचा, तो चिमणीसारखा ठेका ऐकू येत नसेल तर पट्ट्याचा विचार सोडा, आधी फोन करा.

कुठे थांबायचं

हेलियमची पातळी उतरतेय, कॉम्प्रेसर बंद आहे, फॅन्टममध्ये दोन दिवस तीच गडबड, शिम करूनही शिखर पसरट, कॉइलच्या प्रोग्रॅममध्ये एलिमेंट फेल, जळका वास, पेशंटने कुठे गरम लागतंय म्हणून सांगितलं, यातलं एकही झालं की काम बंद करून सर्व्हिस इंजिनिअर. पॅनल उघडणं, चुंबकाच्या शिमच्या ट्रेला हात लावणं, चिलरचा व्हॉल्व्ह फिरवणं आपलं नाही. क्वेंचचं, म्हणजे हेलियम सोडून चुंबक बंद करायचं, बटण फक्त माणूस चुंबकात अडकून जीव जायची वेळ आली तरच, कारण १ लिटर द्रव हेलियमचा सुमारे ७०० लिटर वायू होतो, आणि तो बाहेर न जाता खोलीत आला तर श्वासाला हवा उरत नाही.

इंजिनिअरला बोलावताना हातात काय ठेवायचं तेही सांगतो, त्याचा निम्मा दिवस वाचतो. पट्टा असलेला पेशंटचा फोटो नाव झाकून, त्याच दिवसाचा फॅन्टम, चांगल्या दिवसाचा जुना फॅन्टम, फ्रिक्वेन्सीच्या आलेखाचा फोटो, चिलरची वही, आणि मागच्या पंधरा दिवसांत खोलीत नवीन काय आलं त्याची यादी, दिवा, चादर, खुर्ची, काहीही.

आणि तोपर्यंत जो पेशंट टेबलावर आहे त्याच्या कागदावर मी पेनने लिहितो, "डावीकडे आयएसीच्या मधोमध पट्टा आहे, फ्रिक्वेन्सी बदलल्यावर सरकला, टर्बो स्पिन एकोमध्ये नाही, दोन्ही सिरीज पाठवल्या आहेत." रेडिओलॉजिस्ट मॅडमना फोनही करतो. लांबून आलेला पेशंट असेल तर रिपोर्ट होईपर्यंत त्याला थांबवून ठेवतो, चोपड्याची शेवटची एसटी किती वाजता आहे ते विचारून, म्हणजे परत घ्यायची वेळ आली तर त्याच दिवशी घेता येतं.